सभासद 600, बाकांवर 175

प्रश्न विचारणारे गृहस्थ मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायाचे, पंच आहेत. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या मंडळीत 130 सभासद होते आणि रविवारी 95 जण हमखास यायचे. आज यादीत 600 नावं आहेत आणि रविवारी मोजून 175 डोकी भरतात. दशांश, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याचं दान, त्या मानाने वाढलेला नाही, संडे स्कूलला शिक्षक मिळत नाहीत. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, पुलपिटावरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) रागावतात. पंचमंडळात एक गट म्हणतो लोकांचा विश्वास थंडावला, दुसरा म्हणतो मोबाइलने घात केला. मंडळी वाढली हेच चुकलं का, आणि आता तिचे दोन भाग करावेत का, असं ते विचारतात.

सलाम.

मी मुंबईत 31 वर्षं पाळकी केली. सगळ्यात लहान मंडळी 22 घरांची होती, सगळ्यात मोठीच्या यादीत साडेसातशे नावं होती. त्या जोरावर आधी एवढंच सांगतो की तुमचे 95 चे 175 झाले आहेत. रविवारी प्रभूच्या घरात पूर्वीपेक्षा 80 माणसं जास्त बसतात आणि तुमचं पंचमंडळ सुतकात असल्यासारखं बसलंय. पाळकसाहेबांना रागावणं थांबवायला सांगा. न आलेल्यांबद्दलची बोलणी आलेल्यांना खावी लागतात, हा प्रकार मीही केला आहे. परिणाम एवढाच झाला की आलेल्यांतलेही काही पुढच्या रविवारी दिसले नाहीत.

तरी प्रश्न खरा आहे. पूर्वी चारातले तीन यायचे, आता दहातले तीन येतात. मंडळी वाढते तसा एकूण आकडा वाढतो आणि माणशी हजेरी उतरते, हे मोजून पाहिलेलं आहे. ॲलन विकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात तिथल्या मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्या तपासल्या. लहान मंडळीतले सभासद जास्त नियमित येत, जास्त कामांत असत आणि माणशी देतही जास्त. 2016 साली ड्यूक विद्यापीठातल्या डेव्हिड ईगल यांनी मोठ्या पाहण्यांचे आकडे घेऊन तीच गोष्ट पुन्हा दाखवली: मंडळी जितकी मोठी, तितकी एखादा माणूस दर रविवारी येण्याची शक्यता कमी. दोन अभ्यासांत जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर आहे. पहिल्याच्या वेळी मोबाइल नव्हता, हे तुमच्या दुसऱ्या गटाला जरूर सांगा.

पहिल्या गटाचं उत्तर थोडं लांब आहे.

एका रविवारची उपासना उभी करायला किती हात लागतात ते मोजा. दोन वाचनं, एक मध्यस्थीची प्रार्थना, पेटी, तबला, पुढे उभे राहून गाणारे चौघे, अर्पणाची थैली फिरवणारे चौघे, दारात दोघे, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या) तयारीला दोघे, संडे स्कूलला पाच, चहाला चार, अर्पण मोजायला दोघे. झाले अठ्ठावीस. 95 माणसांत दर तीन-चारांमागे एकाला काम असतं. आता 600 ची मंडळी घ्या. थैलीवाले चाराचे सहा होतील, संडे स्कूलचे पाचाचे दहा. पण पेटी एकच, तबला एकच, वाचनं दोनच. ओढूनताणून पंचेचाळीस कामं निघतील, म्हणजे तेरा-चौदा माणसांमागे एक. उरलेले पाचशे-साडेपाचशे पाहुणे झाले. त्यांना कोणी पाहुणे केलं नाही, ते आपोआप झाले. आणि पाहुणा एखाद्या रविवारी आला नाही तर कार्य अडत नाही, हे पाहुण्यालाही कळतं.

विकर ज्या अभ्यासपरंपरेतले, तिच्यातल्या रॉजर बार्कर आणि पॉल गंप यांनी 1964 साली अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लहान-मोठ्या शाळांबद्दल हेच लिहिलं होतं. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त, पण लहान शाळेतला मुलगा स्वतः जास्त गोष्टींत भाग घेतो. तिथे मुलंच कमी, म्हणून ज्याला धड अभिनय येत नाही त्यालाही नाटकात घ्यावं लागतं, आणि घेतल्यावर तो शिकतो. आपल्याकडच्या नाताळच्या नाटुकल्या आठवा. 22 घरांच्या मंडळीत आमचा एक मेंढपाळ बोलताना अडखळायचा. पर्याय नव्हता म्हणून दरवर्षी तोच. आज तो एका मंडळीत वचन सांगतो. मोठ्या मंडळीत त्याला आम्ही उंटाचं मागचं अंगसुद्धा दिलं नसतं.

त्या लहान मंडळीतली दुसरी गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म मला तिथे कळलं. उपासना महापालिकेच्या शाळेच्या एका वर्गात भरायची. बाक मुलांचे, गुडघे हनुवटीला लागायचे. फळ्यावर शनिवारचा गृहपाठ तसाच, तो पुसायचा नाही अशी शाळेची अट. वर्गाची किल्ली एका सिस्टरबाईंकडे असे. त्या सरकारी रुग्णालयात नर्स होत्या. एका जुलैत रात्रभर पाऊस, गाड्या रखडलेल्या. मला वाटलं आज कोणी येत नाही. साडेआठला बाई नाईट ड्युटी करून थेट आल्या, साडीचा काठ पोटऱ्यांपर्यंत भिजलेला. म्हटलं, बाई, आज नसतं आलात तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, "असं कसं पाळकसाहेब, किल्ली माझ्याकडे आहे." त्या दिवशी अकरा जण होतो.

पुढे त्यांनी दूरच्या उपनगरात घर घेतलं आणि माझी बदलीही त्याच बाजूच्या मोठ्या मंडळीत झाली. बाई तिथे सभासद झाल्या. मंडळी उत्तम: पंखे, माइक, नवीन बाक, पगारी रखवालदार. किल्ली अर्थातच रखवालदाराकडे. बाई सुरुवातीला दर रविवारी, मग महिन्यातून दोनदा, मग प्रभुभोजनापुरत्या पहिल्या रविवारी. त्यानंतर पाच महिने आल्याच नाहीत आणि ते मला कळलं नाही. त्यांनी दुसऱ्या मंडळीसाठी सभासदत्वाचा दाखला मागायला मुलाला पाठवलं तेव्हा कळलं. मधल्या काळात त्यांचं गर्भाशयाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. मुलगा कागद घेऊन निघताना म्हणाला, "आई म्हणते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं." टोमणा नव्हता तो, खरंच तसं झालं होतं. या बाईंचा विश्वास थंडावला असं कोणी माझ्यासमोर म्हणून दाखवावं.

तर दोन गोष्टी एकदम घडतात. माणसाची गरज संपते, आणि तो नसल्याचं लक्षात येईनासं होतं. दुसरी पहिलीपेक्षा वाईट. पन्नास माणसांत जोड्या मोजल्या तर 1,225 होतात, पाचशेंत 1,24,750. एवढ्या ओळखी कोणीच ठेवू शकत नाही. 150 च्या पुढे माणसाला खऱ्या ओळखी पेलत नाहीत, हा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा आकडा चर्चवाढीच्या शिबिरांत फार फिरतो. तो माकडांच्या आणि वानरांच्या मेंदूच्या आकारावरून काढलेला अंदाज आहे आणि त्यावर वादही झालेत, तेव्हा 151 व्या सभासदाला घाबरू नका. माझा अनुभव असा की रविवारी शंभर-सव्वाशेच्या आसपास पाळकाच्या डोळ्यांना सगळे बाक एकदम वाचता येईनासे होतात. त्या आकड्याच्या खाली मी पुलपिटावर चढताच कोण नाही ते सांगू शकत होतो. पुढे मला फक्त गर्दी दिसायची.

गाण्याचंही तसंच होतं. फ्रेंच शेतकी अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमान याने दोरी ओढायला माणसं लावून पाहिलं होतं. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. 1979 साली ओहायो स्टेट विद्यापीठात बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. एकटा माणूस जेवढा आवाज काढतो तेवढा तो घोळक्यात काढत नाही. लबाडी म्हणून नव्हे, आपोआप. आपल्या मंडळीत हे ऐकायला प्रयोगशाळा लागत नाही. घरच्या प्रार्थनेत पंधरा माणसं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणतात तेव्हा भिंती घुमतात, टाळ ज्याच्या हातात असेल तो तर घामाघूम. तेच भजन मोठ्या चर्चमध्ये, पुढे चार माइक, कीबोर्ड आणि स्पीकर लावून सुरू झालं की मागचे बाक ओठ हलवतात. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसेल तर माणूस गाईल कशाला? एक फुकटचा सल्ला देतो: दर रविवारी एक गीत तरी स्पीकर बंद करून म्हणा. कीबोर्डवाला मुलगा रुसेल. रुसू द्या.

आता मुंबईचं. परदेशातले अभ्यास वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते की इथे मंडळीच्या आकाराला अंतर चिकटलेलं असतं. 1813 साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत उतरली. पुढे मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या त्या भायखळा, गिरगाव अशा जुन्या शहरात, जिथे मिशनच्या शाळा आणि दवाखाने होते. सभासद पायी येत. रविवारी जो बाकावर शेजारी, तोच सोमवारी नळावर, तोच गिरणीच्या पाळीला. उपासना चुकली तर चाळीत दुपारपर्यंत कोणीतरी विचारायचंच, "काय हो, बरं आहे ना?" 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, माणसं कल्याण, विरार, पनवेलकडे सरकली. नाव मात्र जुन्याच मंडळीच्या यादीत, कारण आजोबांचा बाप्तिस्मा तिथला. विरारहून चर्चगेट 60 किलोमीटर. त्यात रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा दिवस. दोन मुलं आणि एक म्हातारी घेऊन ब्लॉकच्या रविवारी मधल्या स्टेशनवर उतरून बस शोधणारं कुटुंब महिन्यातून एकदा येत असेल, तर मी त्याला अनियमित म्हणणार नाही.

उलट बाजू वसईत बघा. तिथले कॅथलिक धर्मग्राम (एकेका चर्चचा परिसर) तुमच्या मंडळीच्या कितीतरी पट मोठे, मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, मराठीत, आणि चर्च भरलेली. एक तर रविवारची मिस्सा चुकवू नये हा त्यांच्यात नियमच आहे. शिवाय गाव अजून गाव आहे. आळीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात माणूस दिसतो. चर्चच्या बाहेरच कोणीतरी त्याची नोंद ठेवतं, म्हणून चर्च कितीही मोठी झाली तरी तो हरवत नाही. मुंबई महाधर्मप्रांतात, जिथे फ्लॅटचं दार बंद झालं की शेजारी कोण ते कळत नाही, तिथे त्यांनाही आळी हाताने बांधावी लागली. इमारती-गल्ल्यांप्रमाणे लहान ख्रिस्ती समूह त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच सुरू केले. आपल्यातले काही जण ही कॅथलिक पद्धत म्हणून नाक मुरडतात. दक्षिण कोरियातल्या सोलच्या योइडो मंडळीने, 1958 साली एका तंबूत पाच माणसांनी सुरू झालेल्या आणि पुढे जगातली सगळ्यात मोठी म्हणून गणल्या गेलेल्या प्रॉटेस्टंट मंडळीने, नेमकं हेच केलं. पाळक कामाच्या ओझ्याने कोसळले तेव्हा घराघरांतले लहान गट बायकांच्या हाती सोपवले. आणि त्याही आधी बायबलातल्या निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो सासरा जावयाला तेच सांगतो: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम, नाहीतर तू झिजून जाशील. मोशेने सासऱ्याचं ऐकलं, ही गोष्ट मला नेहमीच कौतुकाची वाटते.

तुमच्या यादीबद्दल थोडंसं. 600 हा आकडा मला खरा वाटत नाही. त्यात पुण्याला लग्न होऊन गेलेल्या मुली, गल्फमध्ये गेलेली मुलं, उद्या लग्नाला किंवा दफनाला पाळकांची चिठ्ठी लागेल म्हणून ठेवलेली नावं आणि निवडणुकीच्या आधी दोन्ही बाजूंनी भरलेली नावं असणार. मी एका मंडळीत घरोघर जाऊन यादी चाळली तेव्हा चौथा हिस्सा नावं गळाली, आणि दोघांना तर स्वर्गवासी होऊन वर्षं लोटली होती. भागाकार करायच्या आधी खालचा आकडा साफ करा. मोजताना पहिला रविवार वेगळा मोजा, नाताळ आणि पुनरुत्थानाचा (ईस्टरचा) रविवार सोडूनच द्या.

अभ्यासांतही एक खोच आहे. लहान मंडळीत हजेरी जास्त दिसते याचा अर्थ लहानपणामुळेच ती येते असा पूर्ण होत नाही. ज्यांना कमी गुंतायचं असतं ते मोठी मंडळी मुद्दाम निवडतात. तिथे मागच्या बाकावर बसून कोणी न विचारता परत जाता येतं. काहींना काही काळ तेच हवं असतं. घटस्फोट झालेली एक मुलगी मला म्हणाली होती की लहान मंडळीत प्रत्येक मावशी तिच्यासाठी प्रार्थना करत होती आणि ते तिला सोसवत नव्हतं. अमेरिकेतल्या 1998 च्या देशव्यापी पाहणीत निम्म्या मंडळ्यांत नियमित येणारे 75 किंवा त्याहून कमी निघाले, पण सगळ्या माणसांना त्यांच्या मंडळीच्या आकाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधला माणूस जिथे जातो त्या मंडळीत असे 400 जण होते. मंडळ्या बहुतेक लहान, माणसं मात्र मोठ्यांत. लोक मोठीकडे ओढले जातात त्याला कारणं असतात: मुलांना वयाप्रमाणे वर्ग, तरुण संघात बोलायला कोणीतरी, बरं संगीत.

आणि लहान मंडळीचे मला फार गोडवे गायचे नाहीत. किल्लीवाल्या बाई हे तिचं सोनं, तसा तिथला खजिनदारही तिचाच. सतरा वर्षं तोच, वही कोणाला दाखवायचा नाही. दोन घरांत मुलीच्या लग्नावरून वाजलं तर अर्धी मंडळी घरी बसायची. नवीन कुटुंब आलं की सगळे प्रेमाने चहा पाजत, पण काम देत नसत, कारण कामं घराण्यांत वाटून झालेली. आणि दमणूक! तीच सहा माणसं नऊ कामं करायची, हजेरी शंभर टक्के आणि चेहरे ओढलेले.

आता दोन भाग करावेत का? घाईने नको. नुसती दुसरी उपासना सुरू केलीत, सकाळी आठची आणि दहाची, तर सहा महिन्यांत तेच गाणारे, तेच थैलीवाले दोन्ही वेळा राबताना दिसतील. पाहुणे मात्र सोयीची वेळ निवडतील. भाग करायचे असतील तर कामं आधी वाटा, माणसं त्यामागे जातील.

मी शेवटच्या मंडळीत जे केलं आणि जे बऱ्यापैकी टिकलं, ते असं. नकाशावर नव्हे, रेल्वेच्या लाइनवर विभाग पाडले: दोन स्टेशनांच्या दरम्यान राहणारी बारा ते पंधरा घरं. प्रत्येक विभागाला दोन माणसं, एक बाई आणि एक बुवा, दोन वर्षांपुरती. तिसऱ्या वर्षी बदलायचीच. महिन्यातून एकदा घरसभा, पाळक नसला तरी चालणारी. खरं तर मी मुद्दाम जात नसे, कारण पाळक आला की सगळे पुन्हा श्रोते होतात आणि यजमानीण पुलावाच्या मागे लागते. चहा-बिस्किटांपलीकडे काही करायचं नाही असा ठरावच केला होता. तो मोडला, पण उशिरा मोडला.

दर रविवारच्या उपासनेची सगळी कामं आळीपाळीने एकेका विभागाला दिली. वाचन, थैली, दार, चहा सगळं त्यांचं. त्यामुळे महिन्या-दीड महिन्यातून एकदा प्रत्येक घराच्या हातात किल्ली यायची. सुरुवातीला गोंधळ झाला. एका रविवारी वाचकाने बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाऐवजी यिर्मयाचं वाचलं आणि मला उपदेश जागीच वळवावा लागला. जुन्या पंचांनी "दर्जा घसरला" म्हणून पत्र दिलं. दर्जा थोडा घसरलाच होता. पण त्या-त्या विभागाच्या पाळीला त्यांचे न येणारे नातेवाईकही दिसू लागले, पोरगी वाचणार म्हणून आजोबा रिक्षा करून आले.

आणि फोन. विभागाच्या दोघांनी रविवारी कोण नव्हतं ते एकमेकांना सांगायचं आणि मंगळवारपर्यंत फोन करायचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "कालच्या उपासनेला आपली उणीव भासली" असा सगळ्यांना एकच निरोप टाकणं म्हणजे कोणालाच न विचारणं. फोनवर "का आला नाहीत?" हा प्रश्न बंद. "रविवारी तुमची जागा रिकामी दिसली, सगळं बरं ना?" एवढंच, आणि मग ऐकायचं. दहातल्या आठ फोनांत काही नसतं: पाहुणे, परीक्षा, ब्लॉक. उरलेल्या दोनांत ऑपरेशन असतं, नोकरी गेलेली असते, सून घर सोडून गेलेली असते. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात शिष्य वाढू लागले तशी पहिली कुरकुर आली ती हीच, की आमच्या विधवा रोजच्या वाटपात सुटतात. प्रेषितांनी त्यावर उपदेश केला नाही. सात माणसं नेमली.

हे सगळं पंचमंडळात मांडायला तुम्हाला महिना लागेल. तोवर येत्या रविवारी एक करा. उपासना सुटली की पंच म्हणून दारात हात मिळवायला उभे राहू नका. शेवटच्या तीन बाकांकडे जा, आशीर्वाद संपता संपता जी माणसं उठतात त्यांना गाठा. नाव विचारा, कुठल्या स्टेशनला उतरता ते विचारा आणि पुढच्या रविवारचं एक वाचन त्यांच्यातल्या एकाला द्या. अध्याय आणि वचनं चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे यिर्मयाचा घोळ होणार नाही.